जरीचा धागा

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की मला आईच्या तेराव्यानंतरची दुपार आठवते. पाहुणे खारबावला परत गेले होते, शेजारच्या लूमची खडखड पुन्हा सुरू झाली होती आणि लूमच्या मोटारी दुरुस्त करणारे माझे बाबा त्यांच्या हौसेच्या छोट्या रेल्वेचं इंजिन उघडून बसले होते. इंजिन रुळावर ठेवलं की रुळांना वीज देणाऱ्या पॉवरपॅकचा लाल दिवा लागायचा, म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट होता. बाबा एकेक भाग सुटा करून शॉर्ट असला की वाजणारा मीटर लावत होते. मोटार काढली तरी मीटर वाजतच राहिला. "मोटार चांगली हाय, तिचा दोष न्हाय," ते म्हणाले. मागच्या चाकांची जोडी काढली तेव्हा मीटर गप्प झाला. भिंगातून पाहिलं, तर एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत जरीची बारीक तार गुंडाळलेली होती. विणताना डाग पडून लूमवर बाद झालेल्या जरीच्या साड्या आई घरात नेसायची आणि बाबा कितीही ओरडले तरी रूळ पदरानेच पुसायची. बाबांनी चिमट्याने धागा काढला, मोटारीच्या तारा सोल्डर केल्या. गाडी दोन फेऱ्या फिरली. "चालली," बाबा म्हणाले. मी "हं" म्हटलं. दोघांपैकी कुणीच रडलं नाही. मग बाबा उठले, ट्रंकेतून आईची साडी काढली आणि तिच्या पदराने रूळ पुसायला बसले. आता ते इंजिन माझ्याकडे असतं. अडलं की मी उघडून धागा काढते, आणि रूळ पुसायला तीच साडी घेते.