शेषरावांचं खळ्यावरचं विमान

नांदुऱ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात शेषराव नावाचे शेतकरी राहत. माणूस कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पन्नाशी उलटली तरी त्यांनी कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. बायको तानाबाई ‘बसा’ म्हणाल्या की ते जेवायला बसत आणि ‘पुरे’ म्हणाल्या की उठत.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात शेजारच्या शिवारात कपाशीवर औषध मारायला एक चिमुकलं विमान आलं. ते शेषरावांवरून इतकं खालून गेलं, की त्यांचा फेटा सुटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडला. विमानातल्या माणसानं हात हलवला, शेषरावांनीही हलवला. त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

पुढे मलकापूरहून खिळे आणले, तर पुडीचा कागद निघाला परदेशी मासिकाचा. त्यावर अंगणात विमान जोडत बसलेल्या माणसाचं चित्र होतं. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, “पेटीतून सगळे भाग येतात. लाकूड, कापड, इंजिन. घरच्या घरी जोडायचं.” मापंही दिली होती. शेषराव तो कागद घेऊन थेट पुंजाजी सुताराकडे गेले.

“पंख कापडाचे हायेत?” पुंजाजीनं विचारलं.

“हाव.”

“म्हंजे वाळत घातलेलं धोतर उडते, तसं?”

“तसंच. फक्त मंधात मी बसन.”

पुंजाजीनं बराच विचार केला. “बाभळीचं करू नोका,” तो म्हणाला. “जड होईन.”

विमान मागवायचं की घरीच करायचं, हे ठरवण्याआधी ते मावेल का ते पाहायला हवं होतं. दिवाळीनंतर खळं सारवून तयार होतं. पुंजाजीनं मापं घेतली आणि शेषरावांनी चुन्यानं खळ्यावर अख्खं विमान काढलं. पंख कडब्याच्या गंजीपर्यंत गेले. मध्ये पाट मांडून शेषराव रोज सांजेला बसू लागले. गावही येऊ लागलं. म्हातारी माणसं पंखावर बसून तंबाखू मळत. कुणी चुन्यावर पाय दिला की शेषराव ओरडत, “शेपटीवरून उतर बे!” आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज चढला होता.

एक दिवस शेजारच्या गोजरबाई बायकांचा जथा घेऊन आल्या. “भाऊ, आमच्या न्हाण्यांले छत नाई. तुमी वरून जासान तं आमी आंघोळ कवा करावी?”

शेषराव गोंधळले. “मी डोये मिटून घेत जाईन,” ते म्हणाले.

“आन मंग इमान कोन पाहीन?”

शेवटी गावावरून जाताना मान वर करून आभाळाकडे पाहायचं, असं ठरलं. बायका समाधानानं गेल्या.

तानाबाई इतके दिवस खळ्यावर फिरकल्या नव्हत्या. त्या सांजेला त्या चहा घेऊन खळ्यावर आल्या आणि पाटामागे उभ्या राहिल्या.

“अवो, निंगासान कुठून?”

“आपल्या वावरातून.”

“आन उतरसान कुठी?”

“आपल्याच वावरात. दुसऱ्याच्या पिकात कसं उतरावं?”

“मंग जासान कायले?”

शेषरावांचा चहा बशीतच राहिला. एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, खुद्द त्यांनाही नाही. ते हळूच म्हणाले, “तुले माहेरी नेलं असतं.”

“बसू कुठी?”

त्यांनी चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. जागा एकाचीच होती. तानाबाई खुदकन हसल्या. “म्हंजे तुमी वरून जासान आन मी गठुडं घेऊन खालून पायी? गावातले कुत्रे हासतीन.”

शेषरावांनी पुंजाजीला बोलावून मागं एक जागा वाढवता येईल का, असं विचारलं. पुंजाजीनं कागद उलटासुलटा पाहून मान हलवली. “मापं एकाचीच हायेत, भाऊ. दुसरं बसलं तं इमानाचं बूड जमिनीले टेकते.”

शेषराव उठले, पाट काखेत मारला आणि म्हणाले, “मंग राहू दे.” छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं.

आठवड्याभरात ज्वारीची कणसं खळ्यावर पडली. चुन्याच्या रेघांवरून बैल गोल फिरू लागले, तेव्हा शेषराव मुद्दाम तोंड फिरवून दोरखंड वळत बसले.

पुढल्या साली त्यांनी विहिरीवर ऑइल इंजिन आणलं. ते पेटीतून सुट्ट्या भागांत आलं. मिस्त्रीची वाट न पाहता शेषरावांनी ते स्वतः जोडलं. इंजिन सुरू झालं, पाटाला धो धो पाणी लागलं, पण दोन बोल्ट हातात उरले.

तानाबाईंनी ते बोल्ट बराच वेळ निरखले.

“इमानातले उरले असते तं?”

“ते खाली पडले असते,” शेषराव शांतपणे म्हणाले. “तू खालून पायी येतच होती. उचलून घेतले असते.”