पिस्तुलासाठी प्रार्थना

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती शेजारी आमच्या वरच्याच मजल्यावर राहत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते बागेत नेऊन सोडत. "मार डालो ना, यार!" कोणी म्हणालंच, तर शांतपणे सांगत, "खून करू नको, ही देवाची आज्ञा आहे. ऑफिसचं सर्क्युलर नाही."

निवृत्तीनंतर ते फरीदाबादला गेले. तिथे चोरांनी त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, बांधून घर लुटलं. त्यानंतर घरात प्रार्थना ठेवली, तेव्हा आम्हीही गेलो. चर्चचे पाळक दारावर, पलंगावर हात ठेवून आशीर्वाद मागत होते. आमच्या या शेजाऱ्यांनी परवान्याचं नवंकोरं पिस्तूल पुढे केलं. पाळकांचा हात हवेतच थांबला.

"याच्यावर नाही, भाऊ."

"मग एवढंच मागा," उंदरांबद्दल बोलत तशाच मायेने ते म्हणाले, "चोराला फार यातना होऊ नयेत."

एकट्या वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "आमेन."