एक लेकरू तंबूत, एक बाहेर

नवसावर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्यांचे उंबरे मी झिजवले, इंजेक्शनं मी टोचून घेतली, आणि जुळी झाल्यावर सासूबाई म्हणतात काय, तर "देवी पावली!" मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, मग कळा तरी तिनंच सोसायच्या होत्या. पण खोडदच्या पुढे माळावर आमची कुळदेवी आहे, तिला त्या बोलून बसल्या होत्या. लेकरं झाली तर त्यांना घेऊन तुझ्या दारात एक रात्र मुक्काम करीन आणि नैवेद्य तिथंच चुलीवर रांधीन. देऊळ एवढंसं दगडी, निजायला ओवरीसुद्धा नाही. नऊ महिन्यांची दोन लेकरं आणि उघडा माळ! मी साफ नाही म्हटलं. सासूबाईंनी जेवण कमी केलं. शेवटी आमच्या ह्यांनी ऑनलाइन तंबू मागवला आणि आम्हा दोघींच्या मधे आणून ठेवला.

खरी गोष्ट अशी की माझा देवापेक्षा माझ्यावरच जास्त भरवसा होता. वेदू आणि ईशूला मी कुणाच्या हाती सुटं देत नसे. सासूबाईंनी घेतलं तरी मी शेजारी उभी. दुपारी दोघं झोपली तरी मी छाती वरखाली होते का ते बघत बसायची. माझ्या अंगात थकवा इतका मुरला होता की चहा करून प्यायचाच राहून जाई.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. आम्ही मंचरहून निघालो, कळंबला भाजीपाला घेतला आणि दिवस कलायच्या आत माळावर पोचलो. आमच्याकडे उघड्यावर राहायचं म्हटलं की पहिलं भय उसात दडणाऱ्या बिबट्याचं. त्यामुळे आम्ही उसाकडे बघून बघून जागा ठरवली. ऊस जेवढा लांब तेवढं बरं, म्हणून थेट देवळासमोरच्या मोठ्या वडाखाली तंबू ठोकला. सासूबाईंनी चार पावलांवर तीन दगडांची चूल मांडली. पाचांपैकी, म्हणजे लेकरं सोडा, आम्हा तिघांपैकी एकानंही मान वर करून झाडाकडे बघितलं नाही. वर आग्या माशांचं मोहोळ लोंबत होतं, चांगलं सुपाएवढं.

हे लंगोट आणायला रस्त्यावर गाडीकडे गेले होते. मी तंबूत वेदूचे कपडे बदलत होते आणि ईशू बाहेर सासूबाईंच्या मांडीवर होती. चुलीत ओली लाकडं, धूर सरळ वर मोहोळात चढला. आधी नुसता घों असा आवाज आला. मी डोकं बाहेर काढलं तर सासूबाई ईशूवर पालथ्या पडल्या होत्या, पदर ओढून तिला पोटाखाली घेतलं होतं, आणि त्यांच्या पाठीवर काळं काहीतरी हलत होतं. मी धावले. म्हणजे एक पाय बाहेर टाकला, तेवढ्यात माशा दारातून आत शिरायला लागल्या आणि मागे वेदू किंचाळला. मी बाहेर गेले तर हा उघडा पडतो, आत राहिले तर ती. बाई गं! माझ्या हातानं मी तंबूची चेन ओढली. माझी लेक बाहेर ठेवून ओढली. आत आलेल्या दोनचार माशा चपलेनं मारल्या, वेदूला छातीशी धरलं आणि ओरडले, "देवी, माझे हात संपले. आता तूच बघ." प्रार्थना कशी करतात मला ठाऊक नव्हतं, पण असं मी आयुष्यात कुणालाच म्हटलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. लांब गाडीतून हे हाका मारत होते. मग अगदी जवळून, दबक्या आवाजात एक बाई बोलली, "म्हातारे, हालू नगंस. माझ्यासंगं सरकत चल." आणि थोड्या वेळानं तंबूच्या कापडाला हात लागला. "ताई, वाईच उघडा, लगीच लावा. पोरगी बरी हाय." मी चेन उघडली. एक मोठी ओलीचिंब गोधडी आत सरपटत आली आणि तिच्याखालून निघाल्या सासूबाई, एक अनोळखी बाई, आणि दोघींच्या मधे माझी ईशू, लालबुंद, रडून रडून घसा बसलेली. तिच्या पायाला एकच डंख होता. मी तिला घेतलं आणि हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला ती जन्मली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या ओढ्यावर धुतात. ती बाई तेच करत होती. धुतलेली ओली गोधडी झुडपावर टाकताना तिला हे दिसलं, आणि तीच डोक्यावर घेऊन ती पळत आली. तिच्या हातांना माशा डसल्या होत्या, तरी ती नखानं सासूबाईंच्या पाठीतले काटे खरवडत होती. सासूबाईंनी तशातही तिचे पाय धरले. "देवी गं माझी!" बाई हसली. "आवं, मी कसली देवी? आमी बौद्ध. आमी तर नारळबी फोडत न्हाई. मी हितलीच हाय." अंधार पडून माशा बसेपर्यंत तिनं आम्हाला बॅटरी लावू दिली नाही, उजेडावर माशा येतात म्हणून. मग गोधडीखालूनच एकेकाला गाडीपर्यंत पोचवलं. दवाखान्यात सासूबाईंना दोन दिवस ठेवून घेतलं आणि त्या सुखरूप घरी आल्या.

पुढच्या आठवड्यात तंबू आणायला गेलो. बाईंनी तो घडी करून आपल्या घरात ठेवला होता. सासूबाई खट्टू होत्या, मुक्काम राहिला म्हणून. बाई म्हणाल्या, "मंग ठोका की माझ्या अंगणात. हितनं देऊळ दिसतंय." सासूबाईंनी एकदा देवळाकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि तंबूच्या घडीतून खुंट्या बाहेर काढल्या. नैवेद्य बाईंच्या चुलीवर रांधला. पहिलं पान देवीला वाढलं, दुसरं बाईंना. त्या म्हणाल्या, "देवीचं मला ठावं न्हाई, पर पुरण लई झ्याक झालंय."

त्या दिवशी कोण आलं होतं, ह्यावर मी वाद घालत नाही. सासूबाईंना देवी दिसली, मला गोधडी घेतलेली एक बाई दिसली, आणि दोन्हींसाठी मी हात जोडते. मला एवढंच कळलं, की माझे हात संपतात तिथं जग संपत नाही.

सकाळी तंबूत जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि दोन्ही लेकरांच्या जागा रिकाम्या होत्या. माझा हात चेनकडे गेला. मग अंगणातून ईशूचं खिदळणं ऐकू आलं, आणि बाईंचं, "आगं आगं, कोंबडीला सोड!" मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.