दादाने माझा परकर नेसला ती सकाळ

दादा आज सकाळी गेला, आणि मला रडू यायच्या आधी लाज वाटली.

शंभरी गाठून गेला. मी पंच्याण्णवची. नातसून टाइप करतेय. मध्ये ते मोबाइलमधले लाल बदाम-बिदाम टाकलेस तर बघ हं, म्हटलं तिला.

गोष्ट गायकवाडीतली, महाराजांच्या अखेरच्या वर्षांतली. लहरीपुऱ्याजवळच्या आमच्या घरात लाइट येणार होते.

वायर माळ्यावरून न्यायची होती. माळा कसला, कौलांखालची फट नुसती! माणसाला धड रांगताही यायचं नाही.

मगनभाई मिस्त्रींनी आधी बांबू घातला. लांब होता, पण ताठ. पहिल्याच वाशाला अडला.

मग वेत आणला. तो वाकला, पण भलतीकडेच.

मग दोरीला दगड बांधून फेकला. तो अडकला तो परत आलाच नाही.

मिस्त्री घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "आ छोकरी जशे."

ही पोरगी जाईल म्हणे. घ्या! हत्यार म्हणून मी पास झाले.

परकर खिळ्यांना अडकेल म्हणून आईने मला दादाची चड्डी घातली, कमरेला वायर ओढायची दोरी बांधली. अर्ध्या वाटेवर तुळईखाली अशी अडकले की पुढेही जाता येईना, मागेही. बोंब ठोकली.

शेवटी रस्त्याच्या बाजूची कौलं काढून मला ओढून काढलं. काजळीने माखलेली, अंगात भावाची चड्डी, आणि खाली अख्खा बाजार जमलेला. कुणीतरी शिटी मारली. मेल्याची ती शिटी अजून ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाईना.

मुलीला शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड व्हायचा तेव्हा. बाबा म्हणाले, "भरू दंड. शोभा झाली तेवढी पुरे. राहू दे आता घरातच."

म्हणजे संपली माझी शाळा.

तेवढ्यात आतून दादा आला. माझा परकर नेसून! तेरा वर्षांचा घोडा, परकर गुडघ्याच्या वर.

"चल," म्हणाला. "आज तुझ्याकडे कुण्णी बघत नाही."

बाबा उठेपर्यंत आम्ही उंबऱ्याबाहेर.

भर बाजारातून नेलं त्याने मला. लोकांची हसून मुरकुंडी वळली. माझ्याकडे खरंच कुणी बघितलं नाही. मला सोडून तो तसाच स्वतःच्या शाळेत गेला आणि छड्या खाऊन आला.

पोरं त्याला 'घाघरी' म्हणायला लागली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नातसुद्धा मित्रांनी तीच हाक मारली.

वहिनीने विचारलं, "हे असलं कसलं नाव?"

तो म्हणाला, "लहानपणी जरा बावळट होतो मी."

मी तिथेच बसले होते. तोवर शाळेतली मास्तरीणबाई झालेली! पण तोंड उघडलं नाही. माझ्या चड्डीची गोष्ट निघेल म्हणून. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

त्याला भर बाजारात लाज वाटली नाही. मला घरातल्या घरात वाटली.

वहिनी गेली. तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बावळट नव्हतास रे दादा. मला शाळेत पोचवायला निघाला होतास.

तुझ्या धाकटीचा शेवटचा नमस्कार.