वरणाची बादली

अमडापूरहून आत वळलं की डांबर संपतं, तिथं समताचं गाव. दोन वर्षांपूर्वी ही पोर ग्रामसभेत नाव विचारलं तरी ओढणीचं टोक चावायची. मग कॉलेजच्या श्रमशिबिराला गेली आणि परत आली ती फावडं मागतच. यंदा उन्हाळ्यात तिनं गावतळ्याचा गाळ काढायचं मनावर घेतलं. पारावरच्यांनी आधी दात काढले. ती दारोदार फिरली. पहिल्यांदा तिच्या बौद्धपुऱ्यातल्या पोरी आल्या, मग पाटीलपुऱ्यातली पोरं, मग लाजेकाजेखातर बापेही आले. घमेली हातोहात जायची. समताच्या हातातलं घमेलं पाटीलपुऱ्यातल्या अर्जुनरावांचा मुलगा प्रेम घ्यायचा, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

तळं झालं आणि गावानं कणकेच्या जाड रोडग्यांचं जेवण ठरवलं. कारभार अर्जुनरावांकडे; गावात त्यांचा शब्द मोठा. त्यांनी पोरांना कामं वाटून दिली. प्रेमला वरणाची बादली, आणि समताला उष्ट्या पत्रावळींचं टोपलं. तिचे वडील दयाराम प्रत्येक गावजेवणात तेच टोपलं उचलत आले होते.

"काका, मले बादली द्या," समता म्हणाली.

"सेवा ते सेवाच, पोरी. त्यात लहानमोठं काय?"

"मंग टोपलं प्रेमले द्या."

अर्जुनरावांनी आवाज खाली आणला. "लोक जेवनार नाईत. समजून घे."

"माह्या हातचा गाळ चालला, काका. वरण काऊन नाई चालत?"

दयारामनी तिचा दंड धरला. "कायले वाद घालून राह्यली? आपल्याले याच गावात राहाचं हाय."

"म्हनूनच," ती म्हणाली आणि प्रेमच्या हातातली बादली घेतली. त्यानं कडी सोडली की तिनं ओढली, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

इथला रिवाज कडक. एका पंगतीला एकच बादली, दुसऱ्याच्या पंगतीत वाढप्यानं पाय टाकायचा नाही, आणि सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. लोक पत्रावळीवर रोडगे कुस्करून बसले होते. पहिल्या माणसानं पत्रावळीवर आडवा हात धरला. त्याचं पाहून दुसऱ्यानं. मग साऱ्या पंगतीनं. कालपरवापर्यंत याच हातांनी तिच्याकडून घमेली घेतली होती! संतापानं समताचे डोळे भरले, पण तिनं एक थेंब खाली पडू दिला नाही. प्रत्येकासमोर वाकली, "वरण?" असं विचारलं आणि पुढं गेली. टोकाला पोचली तेव्हा बादली तशीच काठोकाठ. ती वळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अर्जुनराव दुसरी बादली घेऊन धावत आले.

"काका, ही पंगत माही हाय."

रिवाज मोडावा तर तो त्यांचाच. ते बादली धरून कडेलाच उभे राहिले.

आता गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा वरणाशिवाय खाऊन बघावा एकदा! घास तोंडातल्या तोंडात फिरू लागले, ठसके सुरू झाले. शेवटी अन्नपूर्णाबाईनं हात बाजूला केला. म्हातारीच्या तोंडात दात नावालाच.

"वाढ वं माय! कोरडा उतरत नाई."

म्हातारीला काही साक्षात्कार झाला नव्हता, भूक लागली होती. तेवढंही पुरलं. शेजारच्याचा हात सरकला, मग त्याच्या शेजारच्याचा. तिघा-चौघांनी मात्र शेवटपर्यंत कोरडंच गिळलं. त्यांची हौस.

पंगत उठली. दयाराम सवयीनं उष्टी उचलायला वाकले. समतानं टोपलं त्यांच्या हातातून काढून प्रेमच्या पायाशी ठेवलं. प्रेमनं बापाकडं पाहिलं. बापानं तोंड फिरवलं. मग प्रेमनं बाह्या वर सारल्या आणि उष्टी उचलली. दुसरी पंगत बसू लागली.

"बाबा, तुम्ही बसा," समता दयारामना म्हणाली.

"मी मांगून जेवतो ना, नेहमीसारखा."

"बसा म्हनते ना."

ते टोकाला बसायला निघाले, तर तिनं मधली जागा दाखवली. दयाराम बसले. ते रोडगा कुस्करत होते, आणि सारं गाव बघत होतं. समतानं वरण ओतलं आणि पुढं सरकली. गावजेवणात या माणसानं आजवर कधी दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि पार शेवटच्या पानावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"समता, इकडं आन बादली. अजून वाढ."