नारायणपेठीची घडी

बरकतपुऱ्यात मी ज्या काकूंकडे राहत होते, त्यांच्या मागच्या गॅलरीत कपडे वाळवायचं मशीन होतं. त्यांचा मुलगा परदेशी नोकरीला गेला तेव्हा त्याच्या फ्लॅटमधून ते इकडे आलं. काकू निवृत्त शिक्षिका, पण मशीनला हात लावायला घाबरायच्या. "तू कॉलेजात जातेस ना, मग तूच वाच," म्हणून त्यांनी त्याचं माहितीचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. छापलेलं नीट वाचलं आणि तसंच केलं की चूक होत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. डिक्शनरी घेऊन मी ते पुस्तक तीनदा वाचलं. टॉवेल वेगळे, कुर्ते वेगळे, कारण जाड आणि पातळ एकत्र टाकलं तर पातळ तापत राहतं आणि जाड ओलंच राहतं. ड्रम अर्धाच भरायचा, कपड्यांना उलटायला जागा लागते. सुती कपडे किंचित दमट असताना काढले की इस्त्री चांगली बसते. नायलॉनला कमी उष्णता, नाहीतर ते अंगाला चिकटतं आणि चटचटतं. लोकर घालायचीच नाही. शंका आली तर कपड्याच्या आतलं लेबल बघायचं. शेजारच्या बायकाही मला विचारायला यायच्या. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

त्या वर्षी राज्य वेगळं होणार म्हणून रोज काहीतरी बंद असायचं. कधी बस, कधी कॉलेज, कधी वीज. माझ्या मामेबहिणीचं लग्न सिकंदराबादला होतं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी बंद पुकारलेला. म्हणून आई जहिराबादकडच्या आमच्या गावाहून दोन दिवस आधीच निघाली. बस स्टँडवरून येताना पावसात सापडली. ती भिजली त्याचं काही नव्हतं, पण तिच्या पिशवीतला पुठ्ठ्याचा खोका भिजून लगदा झाला होता. त्यात नवरीच्या आहेराची साडी होती, नारायणपेठी. दोन महिने आधी सांगून तिनं ती विणकराकडून मागवली होती. मामाच्या घरी आई नेहमी थोडी मागे उभी राहते. मामी शहरातली, तिचं माहेर मोठं. या वेळी आत्या म्हणून आपल्या हातचं काहीतरी बघण्यासारखं असावं, एवढंच तिला हवं होतं.

"वरच्याच घड्या ओल्या हायेत," आई म्हणाली. "फॅनखाली दोघी धरून बसू. पण मोडायची न्हाई हां. आहेराची साडी मोडली की ती नेसलेली झाली."

"घडीत ती वाळणार नाही गं. आत ओल राहिली की डाग पडतो. मशीनमध्ये अर्ध्या तासात होईल."

"मशीनला काय कळतंय नारायणपेठी?"

"मशीनला नाही, मला कळतं."

काकू दारातच होत्या. "टाकू दे हो तिला," त्या आईला म्हणाल्या, "माझे पडदेसुद्धा तीच वाळवते." आई माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं साडी माझ्या हातात दिली. घडी मी मोडली.

लेबल कुठेच नव्हतं. पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी काठ चाचपला. विणकराचा एक कागदाचा तुकडा चिकटवलेला होता, तो विरघळून गेला होता. अंग सुती, काठ रेशमी. पुस्तकात सुतीचं पान वेगळं होतं आणि रेशमाचं वेगळं. दोन्ही एकाच कपड्यात असतील तर काय, हे कुठे लिहिलं नव्हतं. नाजूक कपड्यांवर बटण ठेवावं असं एकदा वाटलं, पण त्याला दीड तास लागायचा, तीन वाजत आले होते आणि चार वाजता वीज जायची. मी बटण सुतीवर फिरवलं.

दार उघडलं तेव्हा साडी कोरडी होती, गरम होती आणि तिचं अंग आखडलं होतं. काठ आखडला नव्हता, त्यामुळे तो दोन्हीकडून चुणून झालरीसारखा उभा राहिला होता. मी ती पलंगावर पसरली. काकू म्हणाल्या, "इस्त्रीनं बसेल." ओलं फडकं ठेवून मी इस्त्री केली. थोडं बसलं, थोडं नाही. मग आईनं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही दोघी विरुद्ध बाजूंना ओढत राहिलो. तेवढ्यात वीज गेली.

आई मला रागावली नाही. रागावली असती तर काहीतरी बोलता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बंद. तरी मी चालत कोठीच्या बाजारापर्यंत गेले. सगळी शटरं खाली. एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर मालक पेपर वाचत बसला होता. नुसतं दाखवा तरी म्हणून मी विनवलं. "आज नक्को अम्मा," तो म्हणाला, "काच फुटली तर कौन देता? परसों आव." परवा म्हणजे लग्न होऊन गेलेलं. मी तशीच परत आले. आईनं तोपर्यंत साडीची घडी घातली होती, चुण्या आतल्या बाजूला दाबून. पण विणकराची घडी अरुंद आणि धारदार होती. ही आमच्या घरातल्या कुठल्याही साडीसारखी दिसत होती.

लग्नात आहेर सुरू झाले तेव्हा आई पुढे गेली. मी तिच्यामागे कुंकवाचं तबक धरून उभी. आईनं नवरीला कुंकू लावलं आणि साडी तिच्या ओंजळीत ठेवली. मामी शेजारीच होती. तिनं सवयीनं वरची घडी दोन बोटांनी उचलून काठ बघितला.

"वन्सं," ती हसत म्हणाली, "आधी नेसून बघितली वाटतं?"

बाजूच्या दोघी-तिघी हसल्या. वाईट हेतूनं हसल्या असंही नाही. मी तोंड उघडलं. मशीन, लेबल, सुती, रेशमी, सगळं सांगायला किती वेळ लागेल याचा विचार करत राहिले.

"व्हय वहिनी," आई म्हणाली, "नवी दिसली, मोह झाला."

मामीनं साडी इतर साड्यांवर ठेवली आणि पुढच्या बाईकडे वळली. आईनं माझ्या हातातलं तबक घेतलं आणि म्हणाली, "हो बाजूला, मागं माणसं थांबलीत."