ओल्या कचऱ्याचं कानडी

मागच्या महिन्यात एका सोमवारी भर गल्लीत माझी फजिती झाली… आणि त्या फजितीचे मी आजही आभार मानतेय.

आम्ही सोलापुरात होटगी रोडला राहतो. गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे, तिथं वर्षानुवर्षं सकाळी कोणी ना कोणी कचरा पेटवायचं. प्लास्टिक, पालापाचोळा, सडकं-कुजकं… सगळं एकत्र.

धूर सरळ आमच्या घरात. माझ्या सासूबाईंना दमा आहे. घर कानडी, म्हणून आम्ही त्यांना अत्ती म्हणतो. उन्हाळ्यात तर बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून खोकत बसायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर थांबवा, नाहीतर यांना इथून हलवा.

हलवायचं कुठं? अक्कलकोटजवळ गावाकडचं घर आहे, पण तिथं त्या एकट्या. माझी सकाळची शाळा, नवरा चिंचोळी एमआयडीसीत… आणि अत्ती हट्टाला पेटलेल्या, मी जाते गावाला, तुमच्या जिवाला घोर नको. मला नुसतं ऐकूनच रडू यायचं.

अशात महापालिकेची माणसं आली. वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकांनी गल्लीत मीटिंग घेतली. ओला कचरा डेपोत कुजला की त्यातून मिथेन निघून हवा आणखी तापते, तोच बायोगॅस प्लांटच्या बंद टाकीत कुजवला तर गॅस कामाला येतो, असं ते समजावत होते. सोलापूरला तापायला आणखी मदत हवी होती होय, असं माझ्या मनात आलंच.

पण माझे कान टवकारले ते पुढच्या वाक्याला… घंटागाडी रोज येणार, प्लॉट साफ होणार, कचरा पेटवला तर दंड. अट एकच, ओला आणि सुका वेगळा द्यायचा. मिसळलेला गेला तर प्लांटवरून गाडी परत येते.

मी पदरच खोचला. हिरव्या बादलीत ओला, निळ्या बादलीत सुका… घरोघर जाऊन सांगितलं. ग्रुपवर तर इतके मेसेज टाकले की अर्ध्या गल्लीने मला म्यूट केलं असणार. पण धूर थांबला, आणि अत्ती रात्रभर सलग झोपायला लागल्या. बाई गं, काय सुख होतं ते.

ते टिकलं नाही. गाडी प्लांटवरून परत आली… आमच्या गल्लीच्या ओल्या कचऱ्यात कागद आणि पुठ्ठे निघाले म्हणे. मग पुन्हा तेच. या घोळात गाडी चुकायला लागली, आणि लगेच कोणीतरी प्लॉटवर काडी ओढली. अत्तींचा खोकला सुरू झाला. त्यांनी कपडे भरायला घेतले.

माझं डोकंच फिरलं. संशय सरळ समोरच्या खानावळीवर. ग्रुपवर नाव न घेता जेवढे टोमणे मारता येतात तेवढे मारून झाले.

त्या सोमवारी शाळेला सुट्टी होती. निरीक्षक स्वतः गाडीबरोबर आले आणि एकेका घराची बादली उघडून बघायला लागले. खानावळीची बादली अगदी चोख निघाली. मग आमची… मी ऐटीत झाकण काढलं.

हिरव्या बादलीत वर्तमानपत्रं, पुठ्ठा, चिंध्या, मोडका खराटा. आणि निळ्या बादलीत भाजीची देठं, चहाचा चोथा, खरकटं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण… आणि इथं तर कोरडंच सगळं ओल्यात. गल्ली माझ्याकडे बघत होती आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सकाळी मी शाळेत असते, त्यामुळे बादल्या भरणं आणि गाडीत देणं अत्तींकडे. त्या दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तूच सांगितलीस की, हिरव्यात ओलेचा कचरा. आमच्यात ओले म्हणजे चूल. चुलीत जळंल ते सगळं मी हिरव्यात टाकते, बाकीचं निळ्यात."

मी बार्शीची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं कानडी जेवण आणि झोप यांच्या पुढं गेलेलं नाही. ओला म्हटल्यावर त्यांना चूल ऐकू येत असेल, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

निरीक्षकांचं घरही कानडीच निघालं. ते आमच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी अत्तींना कानडीत समजावलं… हिरव्यात हसि, निळ्यात ओण. हसि म्हणजे ओलं, ओण म्हणजे सुकं. अत्ती म्हणाल्या, हे आधी सांगायचं की.

खानावळीच्या काकांची मी माफी मागितली. त्यांनी त्यावर मला ताक पाजलं आणि विषय संपवला. त्या दिवसापासून आमची गाडी एकदाही परत आलेली नाही. प्लॉटवर धूर नाही.

मागच्या आठवड्यात निरीक्षक पुन्हा आले. आमच्या भागात कानडी घरं बरीच, मागच्या गल्लीत तेलुगू बोलणारी विणकर मंडळी, आणि गाडीचा भोंगा मात्र फक्त मराठीत बोलायचा. तेलुगूचं त्यांनी मागच्या गल्लीत जमवलं होतं. कानडी सूचना रेकॉर्ड करायला त्यांनी अत्तींपुढं मोबाईल धरला.

अत्तींनी पदर सारखा केला आणि अख्खी सूचना एका दमात म्हणून टाकली… न थांबता, न खोकता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता सकाळी गाडी गल्लीत शिरते ती अत्तींचा आवाज घेऊन. काल मी भीत भीत विचारलं, गावाला जायचं काय ठरलं?

"आता कुटं जाऊ? मी हितं नसले तर गाडी बरोबर बोलतीय का न्हाय, कोण बघंल?"

वॉर्ड ऑफिसच्या मंडळींनो, हवा किती थंड होईल ते तुम्ही मोजत राहा… आमच्या अत्ती घरात राहिल्या, आमच्याकडून तुम्हाला मनापासून नमस्कार.